जीपला भारतीय मातीत रुजविणारे कैलाशचंद्र महिंद्रा

पुणे, प्रतिनिधी

वारज्याहून एनडीएकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे ही एकेकाळची स्वतंत्र गावे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. मुंबई-बंगळुरू बाह्यवळण मार्गावरून दिवसरात्र धावणाऱ्या वाहनांचा आवाज वारजेकरांच्या अंगवळणी पडला आहे. या धावपळीत सेवा रस्त्यालगतच्या एखाद्या गॅरेजसमोर ताडपत्रीखाली झाकलेली जुनी जीप दिसते आणि जाणकाराची पावले थबकतात. बॉनेट उंच आहे की बसके, पुढच्या जाळीला किती खाचा आहेत, इंजिन मूळचे पेट्रोलचे आहे की नंतर बसविलेले डिझेलचे, कागदपत्रे जागेवर आहेत का, असे प्रश्न एकामागून एक विचारले जातात. जी गाडी काही वर्षांपूर्वी भंगाराच्या भावाने काट्यावर तोलली गेली असती, तिच्यासाठी आज संग्राहक मुंबई, बंगळुरू, चंडीगडहून चौकशी करतात.

या मागणीची चर्चा होते तेव्हा आकडे बोलले जातात, गाड्यांची छायाचित्रे दाखविली जातात. मात्र ही गाडी या देशात आणण्याचा विचार ज्याच्या मनात प्रथम आला, तो माणूस सहसा कोणाला आठवत नाही. त्यांचे नाव कैलाशचंद्र महिंद्रा. त्यांना जाऊन साठहून अधिक वर्षे झाली. आडनाव घराघरांत पोहोचले आणि त्या नावामागचा माणूस मात्र विस्मृतीत गेला. जुन्या जीपची किंमत ठरविताना त्यांच्या आयुष्याची उजळणी करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

लुधियाना ते केंब्रिज

कैलाशचंद्र यांचा जन्म १८९४ मध्ये पंजाबातील लुधियाना येथे झाला. नऊ भावंडांत ते दुसरे. थोरले बंधू जगदीशचंद्र त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि घराची जबाबदारी तरुण वयातच जगदीशचंद्रांच्या खांद्यावर आली. त्यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमधून, तंत्रशिक्षण घेतले आणि धाकट्या भावंडांच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही. कैलाशचंद्र लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात शिकले आणि भावाच्याच पाठबळावर पुढे केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी अभ्यासाइतकेच नाव हॉकीच्या मैदानावर आणि नौकानयनातही मिळविले.

महिंद्रा उद्योगसमूहाच्या इतिहासाची सुरुवात अनेकदा १९४५ पासून केली जाते. खरे पाहता तिचे मूळ लुधियान्याच्या या घरात आहे. एका भावाने शिक्षणासाठी दुसऱ्याला दूरदेशी पाठवावे आणि त्या दुसऱ्याने पुढे आयुष्यभर शिक्षणाची ही परतफेड करीत राहावे, हा या कथेचा आतला धागा आहे.

कलकत्त्याचे संस्कार

इंग्लंडहून परतल्यावर कैलाशचंद्र कलकत्त्याच्या मार्टिन अँड कंपनीत रुजू झाले. सर राजेंद्रनाथ मुखर्जी हे या कंपनीचे आधारस्तंभ होते. कलकत्त्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल उभारणारी आणि ठिकठिकाणी छोट्या रुंदीच्या रेल्वेमार्गांचे जाळे विणणारी ही कंपनी. अभियांत्रिकी ही साहेबांचीच मक्तेदारी मानली जात असण्याच्या काळात एका भारतीयाने बांधकाम आणि पोलाद उद्योगात मिळविलेले हे स्थान तरुण कैलाशचंद्रांनी जवळून पाहिले. त्याचा ठसा इतका खोल होता, की १९३३ मध्ये त्यांनी राजेंद्रनाथांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. 'हिंदुस्तान रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या संपादनाशीही त्यांचा संबंध आला. उद्योजक म्हणून ओळखला गेलेला हा माणूस मुळात लेखणीतही रमणारा होता.

इकडे जगदीशचंद्र टाटा स्टीलमध्ये नावारूपाला आले होते. १९२९ ते १९४० या काळात त्यांनी तेथे वरिष्ठ विक्री व्यवस्थापक म्हणून काम केले. दुसरे महायुद्ध भडकले, पोलादावर नियंत्रणे आली आणि सरकारने त्यांची देशाचे पहिले पोलाद नियंत्रक म्हणून नेमणूक केली. दोघे भाऊ अशा रीतीने दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचत होते. कच्चा माल, यंत्रे आणि सरकारी व्यवस्था यांचा परस्परांशी असलेला संबंध दोघांनाही आतून कळला होता.

युद्धाने घडविलेली गाडी

कैलाशचंद्रांच्या आयुष्याला वळण मिळाले ते १९४२ मध्ये. अमेरिकेतून भारतासाठी युद्धसाहित्याची खरेदी करणाऱ्या इंडिया सप्लाय मिशनची सूत्रे त्यांच्याकडे सोपविण्यात आली. त्या वेळी अमेरिकेतील कारखान्यांतून एक चिमुकली, चौकोनी, अगदी साधी गाडी हजारोंच्या संख्येने बाहेर पडत होती.

या गाडीचा जन्म घाईगर्दीत झाला होता. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी वाहनासाठी १३५ कंपन्यांकडे विचारणा केली. नमुना तयार करण्यासाठी मुदत होती अवघी ४९ दिवसांची. पेनसिल्व्हेनियातील अमेरिकन बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याच्या मदतीने २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना लष्कराच्या हवाली केला. परंतु बँटमची उत्पादनक्षमता तोकडी होती. ओहायोतील टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडने आपले ६० अश्वशक्तीचे दमदार इंजिन पुढे केले आणि मुख्य कंत्राट मिळविले. या इंजिनावर मेहनत घेणारे अभियंते म्हणजे बार्नी रूस. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. सुरुवातीच्या मोठ्या कंत्राटात एका गाडीची किंमत साडेसातशे डॉलरच्याही आत होती.

अमेरिकेतील वास्तव्यात कैलाशचंद्रांची बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली. युद्धभूमीवरील हे वाहन अनेकांनी पाहिले होते. कैलाशचंद्रांनी त्यात भारताचे खेडे पाहिले. डांबरी रस्ता संपल्यावर जिथे मोटार थांबते, तिथून भारतातील बहुसंख्य गावांची वाट सुरू होत असे. ओढ्यातून पार होणारी, चिखलात चारही चाकांनी जोर लावणारी आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त होणारी गाडी या देशाला शोभेच्या मोटारीपेक्षा जास्त उपयोगी पडेल, हे त्यांनी ओळखले. हाच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय ठरला.

मोहम्मद गेले, नाव राहिले

युद्ध संपताच २ ऑक्टोबर १९४५ रोजी दोघा भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन केली. प्रारंभीचा व्यवसाय पोलादाच्या व्यापाराचा होता. गुलाम मोहम्मद हे रेल्वेच्या लेखा सेवेतून पुढे आलेले, अर्थव्यवहारात मुरलेले अधिकारी. दोन पंजाबी हिंदू भाऊ आणि एक पंजाबी मुसलमान भागीदार अशी ही भागीदारी त्या काळात कोणाला विशेष वाटण्याचे कारण नव्हते.

दोनच वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ या काळात गव्हर्नर जनरलपदी राहिले. भागीदारी संपली. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा असे करण्यात आले. दोन्ही नावांची आद्याक्षरे एकच राहिल्याने छापलेले कागद वाया गेले नाहीत, अशी आख्यायिका उद्योगवर्तुळात आजही सांगितली जाते. ती कितपत खरी, हा भाग वेगळा. परंतु लुधियाना आणि लाहोर या दोन शहरांत ज्यांचे बालपण आणि शिक्षण झाले, त्या कैलाशचंद्रांसाठी ही केवळ नावाची दुरुस्ती नव्हती. ज्या शहरात ते शिकले, ते लाहोर परदेशात गेले होते आणि भागीदार दुसऱ्या देशाचा मंत्री झाला होता.

पंच्याहत्तर गाड्यांची सुरुवात

स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९४७ मध्ये, विलीजकडून ७५ जीप सुट्या भागांच्या स्वरूपात भारतात आल्या. पेट्यांतून आलेले भाग मुंबईत माझगाव येथे जुळविण्यात आले. जुळणी हा शब्द आज साधा वाटतो. परंतु त्या काळी चासी, इंजिन, गिअरपेटी आणि पत्रा हे सारे एकत्र आणून गाडी धावती करण्याचे कसब असलेले कामगार मुळातच कमी होते. माझगावच्या या शेडमध्ये ते तयार झाले आणि १९४९ पासून जुळणीला नियमित स्वरूप आले.

नव्या राष्ट्राला अशा गाड्यांची किती निकड होती, हे त्याच सुमाराच्या एका वादावरून ध्यानात येते. काश्मीरमधील युद्धासाठी १९४८ मध्ये ब्रिटनमार्फत जीप खरेदी करण्याचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार वादात सापडला. ठरलेल्या गाड्यांपैकी केवळ १५५ गाड्या आल्या आणि त्याही वापरण्याजोग्या नसल्याची टीका झाली. स्वतंत्र भारतातील पहिला घोटाळा म्हणून हे प्रकरण संसदेत गाजले आणि १९५५ मध्ये सरकारने ते बंद केले. परदेशातून डागडुजी केलेल्या गाड्या विकत घेण्याऐवजी देशातच जीप तयार व्हावी, या विचाराला अशा अनुभवांनी बळ मिळाले असणार.

१९५१ मध्ये जगदीशचंद्रांचे निधन झाले. ज्याच्या आधारावर शिक्षण झाले, तो थोरला भाऊ गेला आणि व्यवसायाची धुरा पूर्णपणे कैलाशचंद्रांवर आली. हा काळही सोपा नव्हता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने मोटार उद्योगाची पाहणी केली. ज्यांच्याकडे देशातच उत्पादन वाढविण्याचा ठोस कार्यक्रम आहे, अशांनाच पुढे परवानगी द्यावी, अशी शिफारस झाली. जनरल मोटर्स आणि फोर्ड या बलाढ्य परदेशी कंपन्यांनी भारतातील जुळणी बंद केली. महिंद्रांपुढे मार्ग एकच होता, तो म्हणजे एकेक भाग देशात बनवीत जाण्याचा. जीपच्या उत्पादनाची परवानगी त्यांना मिळाली आणि पुढील वर्षांत सुट्या भागांतील देशी वाटा वाढत गेला. विलीजची सीजे-३ बी ही उंच बॉनेटची जीप भारतीय जीपचा चेहराच बनली. अमेरिकेत तिचे उत्पादन थांबल्यावरही भारतात तिचे वंशज कित्येक दशके तयार होत राहिले. कांदिवलीचा कारखाना, त्यानंतर नाशिक आणि इगतपुरी अशी ही परंपरा महाराष्ट्राच्या मातीत विस्तारत गेली.

कारखान्याबाहेरचे कैलाशचंद्र

कैलाशचंद्रांची ओळख केवळ मोटारींपुरती ठेवणे अन्यायाचे होईल. अमेरिकेतून परतल्यावर देशातील कोळसा क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९४६ चा हा अहवाल महिंद्रा समितीचा अहवाल म्हणूनच ओळखला जातो. मोटार आणि ट्रॅक्टर उद्योगाचे धोरण सुचविणाऱ्या सरकारी मंडळाचेही ते अध्यक्ष होते. रिझर्व्ह बँक, एअर इंडिया आणि हिंदुस्तान स्टील यांच्या संचालक मंडळांवर त्यांनी काम केले. सरकारी धोरण आणि खासगी उद्योग एकमेकांकडे संशयाने पाहत असताना दोन्हीकडे विश्वासाने वावरू शकणारी जी मोजकी माणसे होती, त्यांत त्यांची गणना होत असे.

१९५३ मध्ये त्यांनी शिक्षणासाठी न्यास स्थापन केला. आज तो के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट म्हणून ओळखला जातो. परदेशात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना या न्यासाने शिष्यवृत्त्या दिल्या. वारज्यापासून चांदणी चौकमार्गे पौडच्या दिशेने गेल्यास मुळशीच्या डोंगरात १९९७ मध्ये सुरू झालेले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज लागते. देशोदेशीचे विद्यार्थी तेथे एकत्र शिकतात. लुधियान्याच्या एका मुलाला भावाने केंब्रिजला पाठविले, त्या ऋणाची ही फेड पुढच्या पिढ्यांपर्यंत अशी चालत आली.

१९६३ मध्ये कैलाशचंद्रांचे निधन झाले. त्यांचे पुत्र केशुब महिंद्रा त्याच वर्षी अध्यक्ष झाले आणि २०१२ पर्यंत त्या पदावर राहिले. २०२३ मध्ये त्यांचेही निधन झाले. जगदीशचंद्रांचे नातू आनंद महिंद्रा आज समूहाची धुरा सांभाळत आहेत.

कामाची गाडी, हौसेची गाडी

कैलाशचंद्रांनंतरच्या काळात जीपने महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात जे स्थान मिळविले, ते अन्य कोणत्याही वाहनाला मिळाले नाही. तहसीलदाराचा दौरा, पोलिसांची गस्त, वन खात्याची फेरी, साखर कारखान्याच्या अध्यक्षांची भेट आणि निवडणुकीचा प्रचार या साऱ्यांत जीप होती. लग्नाचे वऱ्हाड तिच्यातून गेले, आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात तिनेच पोहोचविले.

या अतिवापरातच आजच्या दुर्मिळतेचे कारण दडलेले आहे. जीप जपून ठेवण्यासाठी कोणी घेतलीच नव्हती. पेट्रोल महाग झाले तसे मूळ इंजिन काढून डिझेल इंजिने बसविण्यात आली. पत्रा गंजला की गावातल्या कारागिराने नवा ठोकून दिला. मूळ इंजिन भंगारात गेले, आतली तबकडी हरवली, नोंदणीचे पुस्तक पावसात भिजले. लष्कराने निकाली काढलेल्या गाड्या लिलावात विकल्या गेल्या. त्या कोणी शेतावर नेल्या, कोणी त्यांचे सुटे भाग वेगळे करून विकले. हजारो गाड्यांतून मूळ स्वरूपात उरलेल्या म्हणूनच मोजक्या आहेत.

संग्राहक नेमके काय पाहतो, हे समजून घेणे रंजक आहे. महायुद्धकाळातील विलीज एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू या वरकरणी जुळ्या बहिणी. परंतु फोर्डने आपल्या बोल्टवर आणि अनेक भागांवर इंग्रजी एफ अक्षर उठविले होते. तो एवढासा एफ सापडला, की गाडीचे मोल बदलते. विलीजच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांना पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. पुढे फोर्डने दाबयंत्रावर तयार केलेली नऊ खाचांची जाळी दोघांनीही स्वीकारली. युद्धानंतरच्या नागरी जीपला सात खाचा आल्या. आपल्याकडे लो बॉनेट आणि हाय बॉनेट ही वर्गवारी प्रचलित आहे. इंजिन आणि चासी यांचे क्रमांक नोंदणीशी जुळणे ही सर्वांत मोठी कसोटी असते.

अमेरिकेत नीट सांभाळलेल्या युद्धकालीन जीप साधारण वीस ते चाळीस हजार डॉलरच्या घरात विकल्या जातात. युद्धानंतर तिथल्या मासिकांत पन्नास डॉलरमध्ये पेटीबंद जीप मिळण्याच्या जाहिराती झळकत. पैसे पाठविणाऱ्याच्या हाती मात्र सरकारी साठ्याच्या विक्रीची माहिती देणारी पुस्तिका पडे. स्वस्त जीपचे हे स्वप्न तेव्हाही फसवे होते आणि आजही तसेच आहे.

डोंगरवाटांवरील वाहनांचे लिलाव जगभर चढत्या भावाने होत आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनमध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात विसाव्या लाखाची लँड रोव्हर डिफेंडर चार लाख पौंडांना विकली गेली आणि ती रक्कम सेवाकार्याला देण्यात आली. मे २०२१ मध्ये अमेरिकेत शर्यतपटू पार्नेली जोन्स यांची बिग ऑली ही फोर्ड ब्राँको १८ लाख ७० हजार डॉलरला गेली. आपल्याकडे महेंद्रसिंह धोनीने २०१९ मध्ये लष्करी परंपरेतील जोंगा घेतली आणि पुढे लिलावातून १९७१ सालची लँड रोव्हर विकत घेतली, तेव्हा जबलपूरच्या कारखान्यात तयार झालेल्या जोंगालाही नवे चाहते लाभले.

महिंद्रांच्या बाबतीत सर्वांत बोलका लिलाव सप्टेंबर २०२० मध्ये झाला. नव्या थारच्या पहिल्या क्रमांकाच्या गाडीसाठी १ कोटी ११ लाख रुपयांची बोली लागली. त्या गाडीची बाजारातील किंमत दहा ते चौदा लाखांच्या घरात होती. रक्कम सेवाकार्यासाठी देण्यात आली आणि कंपनीनेही तेवढीच भर घातली. कंपनीच्या स्थापनेला ७५ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, २ ऑक्टोबर २०२० रोजी, ही थार बाजारात आली. जुन्या जीपच्या आठवणीला लोक किती मोल देतात, हे या एका बोलीने दाखवून दिले.

वारसा कोणाचा?

या वारशावर हक्क कोणाचा, हा प्रश्न न्यायासनापर्यंतही गेला. विलीज कंपनी १९५३ मध्ये कैसरकडे, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सकडे आणि १९८७ मध्ये क्रायस्लरकडे गेली. महिंद्रांनी अमेरिकेत रॉक्सर ही गाडी आणली तेव्हा तिचा चेहरा आमच्या जीपसारखा आहे, अशी तक्रार जीपच्या मालक कंपनीने २०१८ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाकडे केली. २०२० मध्ये निर्णय महिंद्रांच्या विरोधात गेला. चेहरा बदलल्यावर मात्र त्याच वर्षी गाडीला परवानगी मिळाली. विशेष म्हणजे जीप या नावाने धावणारी कंपास ही गाडी २०१७ पासून पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होऊ लागली. ज्या गाडीचे सुटे भाग एकेकाळी समुद्रमार्गे पेट्यांतून आले, तिचेच नाव मिरविणारी गाडी पुण्याच्या उंबरठ्यावर तयार होऊ लागली, हे कैलाशचंद्रांनी पाहिले असते तर त्यांना समाधान वाटले असते.

जुन्या गाड्यांना कायद्यानेही आता ओळख दिली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपातील दुचाकी व चारचाकी गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. त्यांना व्हीए अक्षरांची वेगळी क्रमांक मालिका मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते; नूतनीकरणाला ५ हजार रुपये लागतात. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. चासी, इंजिन आणि सांगाड्यात मोठे फेरफार झालेले असतील, तर ही सवलत मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये निर्मात्याने ठरविलेल्या रचनेत मनमानी बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले होते.

याचा अर्थ सरळ आहे. रुंद चाके, झगमगते दिवे आणि परके इंजिन लावून नटविलेली जीप देखणी दिसेल. वारसा म्हणून तिचे मोल मात्र उतरेल. उलट रंग उडालेली, पण मूळ इंजिन आणि कागदपत्रांसह उभी असलेली जीप अधिक मोलाची. ज्यांच्या घरी आजोबांची जीप अंगणात उभी आहे, त्यांनी भंगारवाल्याला बोलाविण्यापूर्वी नोंदणीचे पुस्तक शोधावे आणि चासीवरचा क्रमांक पुसून पाहावा. जे विकत घेऊ इच्छितात, त्यांनी विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा आरटीओतील नोंदीवर भिस्त ठेवावी. मागणी वाढली की बनावट तबकड्या आणि दोन गाड्यांची जोडलेली एक गाडी बाजारात येते, हा अनुभव नवा नाही. त्याहून मोठी अडचण कारागिरांची आहे. कार्ब्युरेटर कानाने ऐकून लावणारे, पत्रा हाताने ठोकून वळण देणारे मिस्त्री आता उतारवयात आहेत. गाड्या उरतील आणि त्यांना बोलते करणारे हात उरणार नाहीत, अशी भीती रास्त आहे.

कैलाशचंद्रांनी जीप निवडली ती तिची किंमत वाढेल म्हणून नव्हे. ती साधी होती, टिकाऊ होती आणि गरीब देशाच्या कच्च्या वाटेवर चालणारी होती, म्हणून निवडली. तीच गाडी आज काचेच्या दालनात आणि लिलावाच्या हातोड्याखाली पोहोचली आहे. त्यात वावगे काही नाही. जपलेली वस्तू पुढच्या पिढीला पाहायला मिळते. मात्र बोली लावणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की या गाडीचे खरे मोल तिच्या दुर्मिळतेत नसून तिने केलेल्या कामात आहे. वारज्याच्या त्या सेवा रस्त्यावर ताडपत्रीखाली उभी असलेली जीप पुन्हा एकदा खाकरत सुरू झाली आणि सिंहगडाच्या दिशेने चढणीला लागली, तर लुधियान्याच्या त्या दूरदर्शी उद्योजकाला याहून वेगळी आदरांजली असू शकत नाही.